सगळे पार्ट बदलले, तरी गाडी तीच? १ कोटी पौंडांच्या बेंटलीची कोर्ट केस

समजा, घरात आजोबांची जुनी बुलेट आहे. आधी टाकी बदलली, मग चाकं, मग इंजिन. शेवटी चेसिस गंजली म्हणून तीही नवीन टाकली. आता तिला आजोबांची बुलेट म्हणायचं का?

घरात हा वाद चहाच्या कपासोबत मिटेल. पण १९९० साली इंग्लंडमध्ये नेमका हाच वाद हायकोर्टात गेला, कारण पणाला होते सुमारे १ कोटी पौंड.

गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव 'ओल्ड नंबर वन'. साडेसहा लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन. फ्रान्समधली 'ल माँ' ही २४ तासांची रेस तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोनदा जिंकली. दोन्ही वेळा गाडी चालवणाऱ्या जोडीत वुल्फ बार्नाटो होता. पहिल्या वर्षी टिम बर्किन सोबत, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. आणि बार्नाटो कोण, तर खुद्द बेंटली कंपनीचा चेअरमन! आज कुठल्या चेअरमनने असं केलं तर रील्सचा पाऊस पडेल.

आता रेसिंगची गाडी म्हटलं की एक गोष्ट आलीच. ती झिजते, तुटते आणि पुढच्या रेसआधी तिचे भाग बदलले जातात. ओल्ड नंबर वनचंही तेच झालं. १९३२ पर्यंत तिच्यात बेंटलीचं आठ लिटरचं इंजिन बसलं होतं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रुकलँड्स ट्रॅकवर ५०० मैलांची रेस होती. या ट्रॅकची वळणं बाहेरच्या बाजूने उंच, तिरकी बांधलेली होती. क्लाइव्ह डनफी चालवत असताना गाडी त्या उंच कडेवरून बाहेर फेकली गेली आणि तो जागीच गेला.

त्यानंतर गाडी पुन्हा बांधली गेली, तीही वेगळ्या बॉडीसह. पुढे हातबदल होत ती हबर्ड नावाच्या मालकाकडे आली. त्यांनी तिला पुन्हा जुन्या रेसिंगच्या रूपात आणलं आणि १९९० मध्ये मिडलब्रिज नावाच्या कंपनीशी सौदा ठरवला. मग कंपनी मागे फिरली. म्हणणं एवढंच की, ही ती गाडीच नाही.

पुरावे बघितले तर कंपनीचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. १९२९ साली जिंकलेल्या गाडीतले उरलेले भाग म्हणजे पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं आवरण आणि स्टिअरिंगचा दांडा. बस्स!

तरीही जस्टिस ऑटन यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. सगळे भाग पहिलेच असायला हवेत या अर्थाने ती 'मूळ' गाडी नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण ती 'अस्सल' ओल्ड नंबर वन आहे, कारण तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही. भाग हळूहळू बदलत गेले, गाडी मात्र सलग तीच राहिली आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली जगात नाही. थोडक्यात, कोर्टाने लोखंड मोजलं नाही, प्रवास पाहिला.

मग आज अशा गाड्या रेसला कशा उतरवतात?

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय रेससाठी एफआयए ही संस्था 'हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट' देते. त्यात गाडीचे फोटो आणि तांत्रिक तपशील असतात. गाडी तिच्या काळातल्या नियमांप्रमाणे आहे का, एवढंच तो सांगतो. तिने अमुक रेस जिंकली होती, याची हमी तो देत नाही. म्हणजे ट्रॅकवर प्रश्न असतो 'गाडी कशी आहे?', आणि लिलावात प्रश्न असतो 'गाडी कोणती आहे?'. सगळा पैसा या दुसऱ्या प्रश्नात. २०१८ मध्ये एक फेरारी २५० जीटीओ ४.८४ कोटी डॉलरला विकली गेली. अशा एकूण ३६ गाड्याच बनल्या होत्या.

खरी अडचण गॅरेजमध्ये येते. नव्वद वर्षांच्या स्टीलमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. म्हणून ॲक्सल, क्रँकशाफ्ट, स्टिअरिंगचे भाग सुटे करून चुंबकीय तपासणी करतात. भाग चुंबकित करून त्यावर लोखंडाची बारीक भुकटी टाकली की ती भेगेवर गोळा होते आणि रेघ उमटते. रेघ दिसली की तो भाग ट्रॅकवर न्यायचा नाही, मग तो कितीही 'मूळ' असो. इथे हट्ट धरला तर ब्रुकलँड्सची पुनरावृत्ती व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे रेसला जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये आतले पिस्टन, कनेक्टिंग रॉड नवे असतात. काही मालक तर सरळ हुबेहूब प्रतिकृती पळवतात आणि मूळ गाडी घरी ठेवतात. बघणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो खरा, पण करोडोंची गाडी कुणी भिंतीवर का आपटावी?

काढलेला जुना भाग मात्र जाणकार रिस्टोरर कधीच भंगारात घालत नाहीत. नंबर, तारीख लिहून, फोटो काढून तो जपून ठेवतात. आपल्याकडे आरसीवर चेसिस आणि इंजिन असे दोन्ही नंबर असतात आणि इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते, तशीच ही खासगी नोंदवही. कारण फेकलेल्या जुन्या चेसिसवर कुणीतरी दुसरी गाडी उभी करतो, आणि एक दिवस एकाच नंबरच्या दोन गाड्या बाजारात येतात. असे वादही झाले आहेत.