ट्रॅकवर पळाली म्हणून गाडी बाद?

ट्रॅकवर पळवलेली गाडी घेऊ नये, हे जुन्या मोटारींच्या बाजारातले वेदवाक्य. बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या एखाद्या तरुणाने पुण्याची जुनी पोलो जीटी टीएसआय हेरली आणि मालकाने सरळ सांगितले, की ही कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर जाऊन आली आहे, तर गावचा दलाल, जळगावचा मावसभाऊ आणि घरचे वडील तिघेही एका सुरात नाही म्हणतील. ‘डॉक्टरांची, सिंगल ओनर’ गाडी मात्र बॉनेटही न उघडता दारात येईल.

पूर्वपक्ष पोकळ नाही. ट्रॅकवर इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर राहते, तेल तापून पातळ होते. लांब वळणावर ते चेंबरच्या एका बाजूला सरकले, तर पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडे पडते. हे खरेच घडते. पण यातून ‘तपासा’ एवढेच निघते, ‘घेऊ नका’ हे नाही. कारण ट्रॅकवर सर्वांत जास्त झिजतात ते ब्रेक पॅड, डिस्क आणि टायर, म्हणजे बदलायचेच भाग. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, टायरचा आठवडा आणि वर्ष त्याच्या कडेवर. ब्रेक ऑइलचे तर उलटेच आहे. ताजे डॉट-४ तेल 230 अंशांच्या खाली उकळता कामा नये. ओलावा शोषलेल्या तेलाची हीच मर्यादा 155 वर येते. ट्रॅकवर जाणारा जाणकार ते वेळेवर बदलतो, कारण तिथे पेडल एकदा मऊ पडले की त्याला धडा मिळतो. डॉक्टरांच्या गाडीतले तेल कधी बदलले, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते. इंदूरहून येताना भेरूघाट उतरायला यांतली कोणती गाडी बरी?

याच पोलोचा दुखरा भाग घ्या. 2013 साली आलेल्या जीटी टीएसआयला 1.2 लिटरचे टर्बो इंजिन आणि सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स. सर्किटवर क्लच जवळजवळ सदैव घट्ट बसलेला असतो. हिंजवडीच्या कोंडीत गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा तो अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. ऑफिसला जाणाऱ्या सभ्य गाडीचा क्लच अधिक जळालेला निघाला, तर नवल नाही.

खरा घोळ ‘ट्रॅक’ या एका शब्दात सगळे कोंबण्याचा आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगसाठी वारंवार उभ्या जागेवरून सुटलेली गाडी वेगळी. तो झटका क्लच, ड्राइव्हशाफ्ट आणि इंजिन माउंटिंग यांना बसतो. ती मी घेणार नाही. अमिओ कपसारख्या स्पर्धेची, आतून रिकामी केलेली गाडी तर रस्त्यासाठी नाहीच, तिचा विचार कशाला?

गंमत अशी, की खरे आक्षेप विरोधक घेतच नाहीत. खासगी मोटारीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. म्हणजे तिथे झालेला अपघात बहुधा मालकाने खिशातूनच निस्तरलेला असणार, आणि ‘क्लेम एकही नाही’ हे प्रमाणपत्र कुचकामी. चॅसिसचे वेल्ड आणि बोल्टांवरचा रंग डोळ्यांनीच पाहायचा. इंजिनचे रिमॅप मूळ स्थितीत आणले आहे का, हे विचारायचे. कारण मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरफार चालवून घेत नाही.

शिवाय एनओसी आणून एमपी-68 चा नंबर घेताना मध्य प्रदेशाचा कर भरावा लागेल, तो सौद्याच्या किमतीत आधीच धरायला हवा. मालक आपल्या पसंतीच्या गॅरेजमध्ये सिलिंडरची लीक-डाउन चाचणी करू देत असेल आणि तेलबदलाची बिले दाखवत असेल, तर टोकन द्यावे. चाचणीला नकार दिला, तर गाडी डॉक्टरांची असली तरी रिकाम्या हाताने रावेरमार्गे परतावे.