अंगणातली भाषा

भावनगरला १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर उघडले. मराठी घरातल्या ताराबाई मोडक तेथे गुजराती मुलांत रमल्या. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तीच ‘अंगणवाडी’. मुलाचे पहिले शब्द आपल्या माणसांच्या बोलण्यात रुजतात, हा मी त्यातून घेतलेला बोध.

आपण बडोदेकर मात्र मूल शाळेत मागे पडेल या भयाने घरची मराठी आवरती घेतो. मराठीचा प्राध्यापक असूनही मी तेच केले. आज नातवाला आजीची गोष्ट कळत नाही.

पालकहो, मुलाशी घरच्या भाषेत बोला, त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या. शाळेची भाषा शाळा शिकवील. अंगणाची भाषा आपणच द्यावयाची आहे.