लक्षवात, लक्ष टाके आणि पंचगंगा घाट

काशीत राहणाऱ्या मराठी माणसाला पंचगंगा घाटाची ओळख करून देणे म्हणजे पुणेकराला पर्वती दाखवण्यासारखे आहे. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम येथे मानला जातो, वर बिंदुमाधव आहे, आणि कार्तिकात पहाटेच्या स्नानाला या घाटाचे महत्त्व सर्वांत मोठे. उंच बांबूंवर वेताच्या टोपल्यांतून आकाशदिवे चढतात. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखली जाणारी दगडी दीपमाळ कार्तिकी पौर्णिमेला उजळते. हे सारे स्मरणिकेतून पूर्वीही अनेकांनी लिहिले आहे. म्हणून यंदा त्याच घाटाकडे जरा वेगळ्या, अगदी घरगुती बाजूने पाहावे असे मनात आले. ती बाजू म्हणजे विणकाम.

याच घाटाच्या पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात कबीर आडवा पडून राहिला, स्नानाला उतरणाऱ्या रामानंदांचा पाय त्याला लागला आणि त्यांच्या तोंडून निघालेले रामनाम त्याने गुरुमंत्र म्हणून घेतले, अशी आख्यायिका आहे. तिच्यातला इतिहास किती आणि भक्ती किती हा वाद अभ्यासकांनी घालावा. पण कबीर विणकर होता याबद्दल दुमत नाही. आपल्या महिपतीबुवांनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त कबीराचे चरित्र प्रेमाने सांगितले, त्यामुळे काशीचा हा विणकर मराठी घरांत कीर्तनांतून आणि पोथीतून पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे.

आता मराठीत गंमत अशी की कबीर मागावर करायचा तेही विणणे आणि आपल्या आज्या दोन सुयांवर करायच्या तेही विणणेच. खाट विणतात, जाळे विणतात, टोपली विणतात. शब्द एक असला तरी कामे मुळातच निराळी आहेत. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा असे दोन धागे एकमेकांच्या वरखालून जातात. सुयांवर धागा एकच असतो, आणि त्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून काढलेला असतो. म्हणून स्वेटर ताणला तर ताणतो आणि सोडला तर पुन्हा आवळतो. म्हणूनच एक टोक ओढले की सगळा स्वेटर सरसर उसवून पुन्हा लोकरीचा गुंडा हातात येतो. बनारसी शालूचे असे होत नाही. वाढत्या वयाच्या मुलाचा स्वेटर उसवून, लोकर धुऊन, वाफ देऊन पुढच्या वर्षी मोठ्या मापाचा करायचा, ही काटकसर या एका फासाच्या गुणावरच उभी होती.

आपल्याकडे मागाचा इतिहास हजारो वर्षांचा, पण सुयांचा अगदी अलीकडचा. काश्मीरच्या शाली जगप्रसिद्ध असल्या तरी त्या मागावरच्या. जगातही ही कला फार जुनी नाही. इजिप्तमध्ये मिळालेले, निळ्या-पांढऱ्या सुतात नक्षी असलेले मध्ययुगीन पायमोजे हे खऱ्या दोन-सुई विणकामाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी धरले जातात. त्याहून जुने, रोमन काळातले लाल मोजेही इजिप्तमध्येच सापडले, पण ते एकाच नेढ्याच्या सुईने गाठीगाठीने केलेले आहेत. दिसायला इतके सारखे, की पुष्कळ काळ जाणकारही फसले. स्पेनमध्ये १२७५ साली वारलेल्या एका राजपुत्राच्या थडग्यात रेशमी विणलेल्या उशा निघाल्या. पुढे १५८९ साली विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र बनवले. हाताने विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला मक्ता नाकारला असे सांगतात. बनारसच्या हातमागवाल्याला आज यंत्रमागाबद्दल विचारले तर त्याला ती राणी नक्कीच आवडेल.

हिंदुस्थानात सुया आल्या त्या युरोपियन बायकांच्या पिशव्यांतून, मिशनच्या शाळांतून आणि छावण्यांतून. एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळा निघू लागल्या तेव्हा मुलींना शिवण-टिपण, भरतकाम, विणकाम आलेच पाहिजे हा आग्रह सुधारक आणि सनातनी अशा दोघांचाही होता. एरवी त्यांचे कशावरही एकमत होत नसे. कानपूरची ‘लाल इमली’ गिरणी १८७६ ची. ती आता कित्येक वर्षे थंड पडली आहे, पण आपल्या भागातल्या जुन्या माणसांना लोकर म्हटले की अजून तेच नाव आठवते. नंतर लुधियानाची लोकर आली आणि ती घरोघरी पोहोचली.

या कलेचा आणि लढायांचा संबंध मात्र विलक्षण आहे. पुढून बटणे असलेल्या स्वेटरला आपण कार्डिगन म्हणतो, तो १८५४ च्या क्रिमियन युद्धातला एक इंग्रज सरदार. गळ्यापासून तिरकी उतरणारी रॅगलन बाही त्याच युद्धातल्या सेनापतीच्या नावाची. आणि डिसेंबरात गोदौलियापासून गायघाटापर्यंत प्रत्येक दुसऱ्या डोक्यावर दिसणारी आपली माकडटोपी इंग्रजीत ज्या नावाने ओळखली जाते ते बालाक्लाव्हा हे त्याच युद्धातले एक रणांगण! पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलात सैनिकांचे पाय सडू लागले, तेव्हा घरोघरच्या बायकांना मोजे विणण्याचे आवाहन झाले. मोज्याच्या अंगठ्याशी शिवण राहिली तर ती टोचून फोड येतात. म्हणून दोन बाजूंचे टाके नेढ्याच्या सुईने असे जोडायचे की सांधाच दिसू नये. या पद्धतीला ‘किचनर टाका’ म्हणतात. हा किचनर म्हणजे १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला आणि लॉर्ड कर्झनशी भांडलेला तोच. त्याने स्वतः कधी सुया हातात धरल्या असतील असे काही मला वाटत नाही, पण नाव त्याचे लागले आणि विणणाऱ्या बाया अनामिक राहिल्या.

आपल्या पिढीला जवळचा इतिहास १९६२ चा. ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले, जवानांकडे थंडीचे पुरेसे कपडे नाहीत हे देशाला कळले, आणि गावोगावी बायकांनी सुया उचलल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे तेव्हा म्हणत. सह्याद्रीच्या बायका कोकणातल्या उकाड्यात बसूनही लोकरीचे हातमोजे आणि स्वेटर विणत होत्या हे त्या वाक्यात येत नाही. ज्या बाईने आयुष्यात बर्फ पाहिला नाही तिने अनोळखी मुलाच्या छातीचे माप अंदाजाने धरून टाके घातले. मला स्वतःला या कलेच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे पान वाटते, आणि त्याबद्दल फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही.

काशीकर मराठी घरांत विणकाम रुजायला इथली थंडी पुरेशी होती. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात ज्यांची घरे आहेत त्यांना जानेवारीतले धुके आणि दगडी वाड्यातला गारठा सांगायला नको. पुण्यामुंबईकडे क्रोशाचे रुमाल आणि रुखवतातली तोरणे हौसेने होतात. इथे स्वेटर गरजेने झाले. भाषाही घाटासारखीच संगमाची झाली. आपण ‘सुलट-उलट’ म्हणणार आणि शेजारीण ‘सीधा-उल्टा’. आपला टाका तो तिचा फंदा, आपली सुई ती तिची सलाई. वेणीची वीण, जाळीची वीण, साबुदाण्याची वीण हे नमुने एका गच्चीवरून दुसरीवर असेच गेले. कागदावर काही नाही, सगळे बोटांत. तेवढ्यानेच आता काळजी वाटते. ज्यांच्या बोटांत ते आहे त्यांची वये ऐंशीच्या घरात आहेत, आणि बाजारात यंत्राचा स्वेटर लोकरीच्या किमतीपेक्षाही स्वस्त मिळतो.

म्हणून नवे शिकायचे तर काय शिकावे? माझे मत विचाराल तर दोन रंगांचे काम. त्यासाठी गुरू शोधायला परदेशी जायला नको, आपल्याजवळ पैठण आणि बनारस दोन्ही आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला फेअर आयल नावाचे इवलेसे बेट आहे. तिथल्या नक्षीत एका ओळीत दोनच रंग असतात, आणि जो रंग वापरात नाही तो मागून मोकळा धावतो. इंग्लंडच्या युवराजाने १९२२ साली गोल्फ खेळताना असा स्वेटर घातला आणि त्याची जगभर फॅशन झाली. हा युवराज म्हणजे १९२१ च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरला तेव्हा बहिष्कार आणि दंगल अनुभवलेला, आणि डिसेंबरात काशीला येऊन गेलेला तोच. बनारसच्या ‘फेकवा’ कामात हेच तत्त्व आहे. जर या काठापासून त्या काठापर्यंत फेकली जाते आणि मागची मोकळी जर नंतर कातरतात. स्वेटरचे मागचे धागे मात्र कातरता येत नाहीत, कातरले की वीण सुटली. मग मुलांची बोटे त्यात अडकू नयेत म्हणून पाच टाक्यांहून लांब धागा गेला की मध्येच तो अडकवून घ्यावा.

दुसरी तऱ्हा पैठणीची. पदरावरचा मोर, मुनिया, असावली प्रत्येक रंगाच्या वेगळ्या कांडीने भरतात आणि दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात. म्हणून पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. सुयांवर मोठे एकेकटे चित्र विणायचे, म्हणजे छातीवर मोर किंवा बदक, तर अगदी हेच करतात. प्रत्येक रंगाचा छोटा गुंडा वेगळा, आणि रंग बदलताना जुना धागा नव्यावरून घ्यायचा. तो पीळ राहिला तर तिथे भोक पडते. उलट बाजूही मग जवळजवळ तितकीच स्वच्छ राहते. नाथांच्या पैठणचे आणि कबीराच्या काशीचे तंत्र दोन सुयांवर असे शेजारी येऊन बसते. नाथांनीही भागवत पैठणला सुरू करून १५७३ साली काशीतच पुरे केले होते.

राहिला प्रश्न नेटाचा. लोकर आणतात सगळ्या, पुरे करणाऱ्या थोड्या. यावर आपल्या आज्यांकडे उपाय होता आणि त्याचे नाव लक्षवात. एक लाख वाती वळायच्या, मोजून. चातुर्मासाचे दिवस साधारण १२० धरले तर रोजच्या ८३३ होतात. कुणी वर्षभर घेई, म्हणजे रोजच्या २७४. शंभराचे पुंजके बांधून ठेवायचे, म्हणजे किती झाल्या हे विचारावे लागत नाही.

हाच हिशेब स्वेटरला लावून पाहा. दहा नंबरच्या सुया, बारीक लोकर, पुरुषाचा पूर्ण बाहीचा स्वेटर. पाठ १२० टाके आणि १७० ओळी म्हणजे २०,४००. पुढचा भाग तितकाच. बाही सरासरी ८० टाके, १४० ओळी, म्हणजे ११,२००, आणि अशा दोन. एकूण ६३,२००. गळा, काखेची घट वगैरे सोडून देऊ. म्हणजे एक स्वेटर, एक कानटोपी आणि मोज्यांचा जोड मिळून एक लक्ष टाक्यांच्या आसपास जाते. अनंत चतुर्दशी ते संक्रांत सुमारे चार महिने, म्हणजे पुन्हा रोजचे ८३३ टाकेच. सरावलेला हात मिनिटाला २५-३० टाके घालतो. अर्ध्या तासाचे काम आहे, मंडळी, एका मालिकेइतके.

नवशिक्यांनी मात्र पहिल्याच वर्षी स्वेटरला हात घालू नये. गळपट्टा, मग कानटोपी, मग मोजा असे चढावे. मोज्याची टाच हीच खरी परीक्षा. अर्ध्याच टाक्यांवर पुढे-मागे विणून पट्टी करायची, मग ओळ पुरी न करता मधूनच वळायचे, पुढच्या ओळीत थोडे अधिक जाऊन पुन्हा वळायचे, आणि चपट्या कापडाला आपोआप वाटीसारखा खोलगटपणा येतो. पहिल्यांदा तो येताना पाहिला की सुया खाली ठेववत नाहीत. यंदा विसर्जन झाले की ज्यांना टाच शिकायची आहे त्यांनी चार टोकदार सुया आणि फिक्या रंगाची लोकर आणावी. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि कार्तिकात दिवस लवकर मावळतो.