दलदलीतील कवटी आणि एक कबुलीजबाब

१/ मे १९८३. इंग्लंडमधील चेशायर परगण्यात लिंडो मॉस या दलदलीत पीट उपसताना कामगारांना मानवी कवटी सापडली. तिच्यावर त्वचेचे व केसांचे अंश शिल्लक होते. ती एका प्रौढ स्त्रीची असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले.

२/ दलदलीनजीक पूर्वी राहणाऱ्या एका इसमाची पत्नी दोन दशकांपासून बेपत्ता होती. कवटी तिचीच असावी, असे समजून त्याने खुनाची कबुली दिली.

३/ पुढे ऑक्सफर्डमध्ये कार्बन-१४ पद्धतीने कवटीचे वय काढण्यात आले. ती सुमारे १७०० वर्षांपूर्वीची, म्हणजे रोमन अमलातील निघाली!

४/ हे कसे घडले? मृतदेह कुजतो तो मुख्यत्वे जिवाणूंमुळे. वाळवंटात शरीरातील पाणी झपाट्याने आटते, जिवाणूंची वाढ खुंटते आणि देह सुकून टिकतो. पीटच्या दलदलीत पाणी मुबलक असते; मात्र प्राणवायूचा अभाव, गारठा आणि स्फॅग्नम शेवाळामुळे निर्माण होणारी आम्लता कुजण्याची क्रिया रोखतात. त्वचा कमावलेल्या चामड्यासारखी होते.

५/ न्यायवैद्यकाच्या दृष्टीने असा देह दुधारी असतो. जखमा, गळफासाच्या खुणा, कधी चेहराही तो जपून ठेवतो. मृत्यूचा काळ मात्र झाकून टाकतो. म्हणूनच केवळ देहाच्या स्थितीवरून काळ ठरवणे धोक्याचे ठरते.

६/ कवटी पुरावा म्हणून बाद ठरली, तरी डिसेंबर १९८३ मध्ये कबुलीजबाबाच्या आधारे तो इसम दोषी ठरला. त्याच्या पत्नीचे अवशेष मात्र सापडले नाहीत.