बिळात सोडलेला चोर : फेरेटची कुळकथा

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांचा भार वाहतो, आणि शेतांतून व मैदानांतून ससे हटवण्याच्या युरोपीय तंत्राचा इतिहास पाहायचा तर हे दोन प्राणी आधी वेगळे करावे लागतात. संस्कृतातला शश, म्हणजे दख्खनच्या माळावर दिसणारा रानससा, बीळ खणत नाही. तो गवतातल्या उथळ खळग्यात अंग चोरून बसतो, त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, आणि संकट आले की त्याचा सारा भरवसा पायांवर असतो. त्याला पकडण्याच्या आपल्याकडच्या रीतीही त्यामुळे जमिनीवरच्याच राहिल्या: हाकारा, जाळे आणि फास, ज्या फासावरून फासेपारध्यांना त्यांचे नाव मिळाले. दुसरा प्राणी म्हणजे मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा बीळवासी ससा, ज्याच्यापासून पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या सशांच्या साऱ्या जाती निघाल्या. त्याची पिल्ले आंधळी आणि उघडी, जमिनीखाली जन्मतात, त्याची बिळे आतून एकमेकांना जोडलेली असतात, आणि धोका दिसला की तो जवळच्या बिळात शिरतो. अशा प्राण्यापुढे हाकारा आणि शिकारी कुत्रा दोन्ही थिटे पडतात; त्याच्यामागे जमिनीत उतरू शकेल असा साथीदार माणसाला हवा होता, आणि तो साथीदार म्हणजे फेरेट.

फेरेट हा पोलकॅट नावाच्या युरोपीय रानटी प्राण्याचा माणसाळवलेला वंशज आहे. लांबट, लवचिक, आखूड पायांचा हा प्राणी दिसायला मुंगसासारखा वाटला तरी मुंगसाचा भाऊबंद नव्हे. आपल्याकडचे ऊद म्हणजे पाणमांजर ज्या कुळात मोडते, त्या कुळातला तो आहे. त्याच्या नावाची व्युत्पत्ती त्याच्या स्वभावाला साजेशी आहे. लॅटिनमध्ये चोराला ‘फुर’ म्हणतात. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फ्युरे’, म्हणजे छोटा चोर, हा शब्द आला आणि इंग्रजीत त्याचा ‘फेरेट’ झाला. लिनियसने 1758 मध्ये या प्राण्याला शास्त्रीय नाव देताना ‘फुरो’ हाच शब्द योजला, त्यामुळे चोरीचा हा आळ शास्त्राच्या दप्तरीही कायमचा नोंदला गेला.

या तंत्राचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख रोमन जगातला आहे. इसवी सनाच्या आरंभकाळात लिहिणारा ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की स्पेनच्या पूर्वेकडील बेलिअरिक बेटांवरच्या लोकांनी, सशांनी जमीन पोखरून टाकल्यामुळे, वसण्यासाठी दुसरी जागा मिळावी अशी विनंती रोमकडे केली होती. आणि त्यावर उपाय म्हणून तो आफ्रिकेतल्या लिबियाहून आणलेल्या ‘रानमांजरां’चे वर्णन करतो, ज्यांच्या तोंडाला मुसके बांधून त्यांना बिळांत सोडले जाई, आणि वर उभी असलेली माणसे बाहेर पळणारे ससे पकडत. ही रानमांजरे म्हणजे फेरेटच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे रोमन लेखक प्लिनीने याच बेटांतल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सशांविरुद्ध सैन्याची मदत मागितल्याचे लिहून ठेवले. सशांवर पलटण धाडण्याची ही कल्पना हास्यास्पद वाटली तरी लॅटिन भाषेला ती तितकीशी परकी नव्हती, कारण ‘क्युनिक्युलस’ हा एकच शब्द त्या भाषेत ससा आणि किल्ल्याच्या तटाखाली खणलेला भुयारी मार्ग अशा दोन्ही अर्थांनी चालत असे.

स्ट्रेबोच्या वर्णनातले मुसके ही वरवर किरकोळ वाटणारी बाब आहे, पण साऱ्या तंत्राची मेख तिच्यात आहे. फेरेटने ससा मारावा अशी पारध्याची इच्छा नसते. त्याने सशाला केवळ भिववून बाहेर काढावे एवढीच अपेक्षा असते. मोकळ्या तोंडाच्या फेरेटने आत ससा मारला की तो तिथेच पोटभर खाऊन झोपी जातो, आणि मालकाला तासन्‌तास वाट पाहावी लागते किंवा कुदळ हाती घ्यावी लागते. म्हणून मुसके, म्हणून उपाशी नव्हे पण अर्धपोटी ठेवलेले जनावर, आणि म्हणूनच एके काळी एक थोराड नर फेरेट लांब दोरीला बांधून तयार ठेवलेला असे, जो अडकलेल्या जोडीदारापर्यंत पोहोचला की दोरीच्या मागाने खणत जाता येई. आता गळ्यातल्या पट्ट्यात बसवलेले विद्युत संदेशयंत्र हे काम करते. बिळाच्या प्रत्येक तोंडावर लावले जाणारे थैलीसारखे जाळे मात्र फारसे बदललेले नाही: त्याच्या कडेतून एक दोरी ओवलेली असते, दोरीचे टोक खुंटीने जमिनीत रोवलेले असते, आणि ससा वेगाने आदळला की त्याच्याच धक्क्याने जाळ्याचे तोंड आवळले जाते. चौदाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये चितारलेल्या, ‘क्वीन मेरी सॉल्टर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थनाग्रंथाच्या समासात स्त्रिया फेरेट आणि जाळे घेऊन ससे धरताना दिसतात, आणि त्या चित्रातली रीत आजच्या पारध्याला समजावून सांगावी लागणार नाही.

त्या काळात इंग्लंडमध्ये ससा हा उपद्रव नव्हता, ती मालमत्ता होती. नॉर्मन लोकांनी बाराव्या शतकाच्या सुमारास आणलेला हा उष्ण, कोरड्या प्रदेशातला प्राणी तिथल्या ओल्या थंडीत इतका नाजूक ठरला की त्याच्यासाठी मऊ मातीचे लांबट उंचवटे मुद्दाम रचावे लागत. त्यांच्या उशीसारख्या आकारामुळे पुरातत्त्वज्ञ त्यांना आज ‘पिलो माउंड’ म्हणतात. सशांसाठी राखलेल्या अशा जमिनीला ‘वॉरन’ आणि तिच्या राखणदाराला ‘वॉरनर’ म्हणत. नॉरफोकमधल्या थेटफर्डजवळ सुमारे 1400 साली बांधलेले या राखणदाराचे दगडी, जाड भिंतींचे घर अजून उभे आहे, आणि एका सशांच्या राखणदाराला गढीसारखे घर का लागावे याचे उत्तर सशाच्या मांसाच्या आणि कातड्याच्या किमतीत आहे. फेरेट हे या राखणदाराचे कापणीचे विळे होते. त्यामुळेच 1390 च्या कायद्याने वर्षाला 40 शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसाला शिकारी कुत्री, जाळी आणि फेरेट बाळगण्याची मनाई केली. जे जनावर मालकाच्या हाती अवजार होते, तेच गरिबाच्या खिशात चोरीचा पुरावा ठरले.

सशांवरच्या हक्काचा सर्वांत रंजक दस्तऐवज शेताचा नसून खेळाच्या मैदानाचा आहे. स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठच्या रेताड, गवताळ, शेतीला निरुपयोगी जमिनीला ‘लिंक्स’ म्हणतात. तिथे ससे सुखाने वाढतात, आणि त्यांनी कुरतडून आखूड ठेवलेल्या गवतावर चेंडू चांगला घरंगळतो. सेंट अँड्र्यूज येथे 1552 साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी नगराशी केलेल्या करारात लिंक्सवर ससे राखण्याचा त्यांचा हक्क आणि त्याच जमिनीवर गोल्फ खेळण्याचा रहिवाशांचा हक्क, दोन्ही मान्य केलेले आढळतात. हे सहजीवन अडीच शतके टिकले. मग 1797 मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेने ही जमीन हातची घालवली, ती डेम्पस्टर घराण्याकडे गेली, त्यांनी तिथे सशांची पैदास व्यापारी प्रमाणावर सुरू केली, आणि बिळांनी चाळण झालेल्या मैदानावरून गोल्फवाले व ससेवाले यांच्यात सुरू झालेला तंटा कोर्टकचेऱ्या करीत थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला. तो मिटला 1821 मध्ये, जेव्हा जेम्स चीप या शेजारच्या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जमीनच विकत घेतली. गोल्फचे माहेरघर म्हणून जगभर मिरवणाऱ्या या मैदानाची हिरवळ सशांच्या दातांनी घडवली होती, ही गोष्ट विजयी पक्षाने फारशी आठवणीत ठेवली नाही.

एव्हाना ससा इंग्लंडच्या हवेला सरावला होता. हिवाळ्यातही शेतात उभी राहणारी नवी चारापिके, शेतांभोवती वाढलेली कुंपणे, आणि शिकारीचे पक्षी वाचवण्यासाठी जमीनदारांच्या रखवालदारांनी मारलेले कोल्हे व पोलकॅट यांमुळे तो वॉरनबाहेर फोफावला, तरी कुळाला स्वतःचे पीक खाणाऱ्या सशाला हात लावण्याची मुभा बहुधा नसे. ती मुभा 1880 च्या ‘ग्राउंड गेम’ कायद्याने दिली, तीही अशी की जमीनदाराला करार करून काढून घेता येऊ नये. ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिनने 1859 मध्ये शिकारीच्या हौसेपायी काही ससे सोडले होते. तिथे राखणदार, जाळी आणि फेरेट यांचा काहीच इलाज चालला नाही, आणि 1950 मध्ये मिक्सोमाटोसिस या सशांच्या विषाणुजन्य रोगाचा आसरा घ्यावा लागला.

हा रोग 1952 मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने स्वतःच्या इस्टेटीत सोडला आणि 1953 मध्ये तो इंग्लंडच्या केंट परगण्यात उतरला. दोन-तीन वर्षांत ब्रिटनमधले सुमारे 99 टक्के ससे मेले. कुरतडणारे दात नाहीसे होताच टेकड्यांवरचे गवत वाढले, त्याखालची जमीन थंडावली, ऊबदार जमिनीवर राहणारी मुंग्यांची एक जात हटली, आणि त्या मुंग्यांच्या वारुळात ज्याच्या अळ्या पोसल्या जात ते ‘लार्ज ब्लू’ फुलपाखरू 1979 मध्ये ब्रिटनमधून नष्ट झाले. रोगाला प्रतिकार करणारे ससे मात्र उरले आणि पुन्हा वाढले.

तिथला कायदा आता मालकीची नव्हे, कर्तव्याची भाषा बोलतो. 1954 च्या कायद्याखालील आदेशानुसार लंडन शहराचा जुना गाभा आणि दोन ठिकाणची बेटे वगळता सारा इंग्लंड-वेल्स ‘ससेमुक्ती क्षेत्र’ ठरला असून, जमीन कसणाऱ्याने ससे मारावेत, किंवा ते शक्य नसेल तर त्यांचा उपद्रव तरी रोखावा, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी षटकोनी घरांची तारजाळी लावतात, जिचा खालचा सुमारे 15 सेंटिमीटरचा पट्टा सशाच्या बाजूला जमिनीवर आडवा मुडपलेला असतो, कारण ससा कुंपणाच्या पायाशीच खणू लागतो आणि दोन पावले मागे सरकून खणण्याची युक्ती त्याला सुचत नाही. शेतात बंदूक आणि बिळात विषारी वायू चालतो. पण लोकांची ये-जा असलेल्या क्रिकेटच्या मैदानावर, जिथे एका रात्रीत उकरलेला खड्डा खेळपट्टी बिघडवतो आणि मुताने जळालेले गवत ठिपक्यांसारखे दिसत राहते, तिथे हे दोन्ही अडचणीचे असल्याने हिवाळ्यात, झुडपे झडल्यावर आणि सशांची वीण मंदावल्यावर, पेटीतून फेरेट घेऊन येणारा माणूसच बरा पडतो. त्याचे तंत्र कापणीसाठी घडले होते, निर्मूलनासाठी नव्हे, आणि काही ससे मागे उरतातच, हे त्या माणसाला ठाऊक असते; पुढच्या हिवाळ्यात त्याला पुन्हा बोलावणे येते.

क्रिकेटच्या इंग्रजी बोलीत फलंदाजी न जमणाऱ्या तळाच्या खेळाडूला ‘रॅबिट’ म्हणतात. त्याच्याहूनही कच्चा, अकराव्या क्रमांकावर उतरणारा जो असतो त्याला ‘फेरेट’ म्हणतात, कारण तो सशांच्या मागून आत जातो.