आपलं मूळ कूळ कोणतं?

अमरावती-अकोल्याकडे सोयरीक जुळवताना आधी विचारतात, "कूळ कोणतं?" जरा मागं जाऊन पाहू या. मेळघाट नि सातपुडा ओलांडला, की नर्मदा लागते. तिच्या काठी हथनोरा येथे १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाची कवटी सापडली. हाच आपला आजा म्हणायचा काय? जनुकशास्त्र म्हणतं, घाई नको. पेशीतील तंतुकणिकांचा वारसा आईकडूनच लेकरांना मिळतो. त्याचा माग काढला, तर आजच्या साऱ्या माणसांची आईकडची वंशरेषा सुमारे दीड-दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतील एका स्त्रीपाशी पोहोचते. तेव्हा कवटी शेजारची असली, तरी तो आपला थेट पूर्वज ठरत नाही. आणि कूळ विचारणारा नि सांगणारा, दोघंही मुळात एकाच मायची लेकरं!