मोटारीचे पाणी

इसवी सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ या बाईंनी आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, आणि पतीला न विचारता, मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंतचा प्रवास मोटारीने केला. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. विसलोख गावी औषधांच्या दुकानातून इंधन विकत घेतल्याची या प्रवासातली हकीगत पुष्कळांनी सांगितली आहे. पण त्यांची गाडी वाटेत वारंवार थांबली ती पाण्यासाठी, हे सहसा कोणी सांगत नाही. कार्ल बेंझच्या त्या तीनचाकी वाहनात एंजिन थंड राहत असे ते पाणी उकळून, त्याची वाफ होऊन. गेलेली वाफ गेलीच! विहीर दिसली, ओढा लागला, खानावळ आली की पाणी भरून घ्यावे आणि पुढे निघावे, असा तो क्रम होता.

पेट्रोल जाळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा एंजिनभोवतालच्या पाण्यात जातो. तो बाहेर टाकला नाही तर वंगण जळते आणि दट्ट्या नळकांड्यात अडकून बसतो. मोटारीच्या पहिल्या शंभर वर्षांत शीतनाची सारी विद्या ही उष्णता टाकून देण्याचीच विद्या होती.

या विद्येतला मोठा टप्पा विल्हेल्म मायबाख याने गाठला. एमिल येलिनेक नावाच्या हौशी व्यापाऱ्याच्या आग्रहावरून त्याने कानश्टाट येथे पस्तीस अश्वशक्तीची गाडी बांधली आणि १९०० च्या डिसेंबरात ती तयार झाली. येलिनेकच्या मुलीवरून तिला ‘मर्सिडीझ’ हे नाव मिळाले. तिच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एक यंत्र होते. सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींस जोडलेल्या; नळ्यांतून वारा वाहणार आणि त्यांच्या फटींतून पाणी. जेथे पूर्वी अठरा लिटर पाणी लागे तेथे नऊ लिटर पुरू लागले. मोटारीला ‘चेहरा’ आला तो खरोखर या रेडिएटरामुळे.

पुढची प्रगती सावकाशीने झाली. पंप आला, पंखा आला, एंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट आला. थंड मुलखात पाणी गोठून एंजिनाचे बीड तडकू नये म्हणून त्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळू लागले. वुर्ट्झ या फ्रेंच रसायनज्ञाने १८५६ मध्ये सिद्ध केलेला हा द्रव चवीला गोड, पण पोटात गेला तर प्राणघातक आहे. आपल्याकडे त्याची निकड क्वचितच भासली. घाट चढताना बॉनेट उघडून उभी असलेली, वाफ सोडणारी गाडी आणि डबा घेऊन ओढ्याकडे निघालेला क्लीनर, हे दृश्य एका पिढीच्या ओळखीचे होते.

एंजिन आणि वीज यांचा मिलाफ करण्याची कल्पनाही तितकीच जुनी आहे. मायबाखची गाडी तयार होत होती त्याच वर्षी फर्डिनांड पोर्शे या तरुणाने अशी संकरित मोटार बांधली होती. पण १९९७ च्या डिसेंबरात टोयोटाची ‘प्रियस’ जपानात विक्रीस आली तेव्हाच ही कल्पना सामान्य माणसाच्या दारी पोहोचली, आणि तिने शीतनाचा जुना प्रश्न उलटाच करून टाकला. या गाडीचे एंजिन सिग्नलपाशी बंद पडते, उतारावर बंद पडते. ते तापण्याऐवजी निवते! थंड एंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि धूर अधिक विषारी होतो. तेव्हा २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीत, अमेरिकेसाठीच्या गाड्यांना टोयोटाने चक्क थर्मास बसविला. सुमारे तीन लिटर गरम द्रव त्यात तीन दिवसांपर्यंत ऊन राही आणि एंजिन सुरू होण्याआधी विजेचा पंप तो एंजिनाच्या माथ्यात नेऊन सोडी. शंभर वर्षे जी उष्णता फेकून दिली, ती आता जपून ठेवण्याची पाळी आली.

दुसरीकडे विजेच्या यंत्रणेला मात्र थंडावा हवा होता. बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे मोटारीसाठी रूपांतर करणारा इन्व्हर्टर एंजिनाइतकी उष्णता सोसू शकत नाही. म्हणून त्याला निराळे पाणी, निराळा पंप, निराळी टाकी. एंजिनाची टाकी भरलेली पाहून निश्चिंत होणारा मालक येथेच फसतो. इन्व्हर्टरचा लहानसा पंप थांबला तर एंजिन ठणठणीत असूनही गाडी रस्त्यात बसते. जाणता कारागीर म्हणूनच गाडी चालू अवस्थेत ठेवून त्या टाकीत डोकावतो. द्रव खळबळताना दिसला तर पंप जिवंत आहे.

दुरुस्तीची रीतही पालटली. पितळ-तांब्याचा रेडिएटर गळू लागला की कारागीर त्याला डाख लावून देई आणि तो पुन्हा वर्षानुवर्षे चाले. आताचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या. प्लास्टिकला तडा गेला की बहुधा नवाच रेडिएटर बसवावा लागतो, आणि एका कसबी धंद्याची गिऱ्हाइके कमी झाली. नवा बसविण्यापूर्वी गाडी पूर्ण बंद करावी, तिची किल्ली दूर ठेवावी. कारण ‘तयार’ अवस्थेतील संकरित गाडीचे एंजिन कोणाच्याही नकळत आपण होऊन सुरू होते. नारिंगी तारांजवळ हात जाणार असेल तर बॅटरीचा सुरक्षा-खटका काढून, इन्व्हर्टरमधील साठलेली वीज उतरेपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. द्रव भरताना नळाचे पाणी वापरू नये, त्यातील क्षार आत धरतात. आणि अडकलेली हवा संपूर्ण बाहेर काढावी. या काळातल्या प्रियसमधला मूळचा गुलाबी द्रव एंजिनाच्या बाजूस दहा वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत चालतो. त्यानंतर मुदत निम्मी होते.

नांगर आणि पंप यांमुळे महाराष्ट्राच्या परिचयाचे झालेले किर्लोस्कर हे नाव १९९७ मध्येच टोयोटाशी जोडले गेले, आणि २०१३ पासून कर्नाटकातील बिडदी येथे संकरित कॅमरी जुळविली जाऊ लागली.

२००९ च्या तिसऱ्या प्रियसमध्ये एंजिनाचा पंपही विजेवर गेला, पट्टा नाहीसा झाला, आणि धुराच्या नळीतील उष्णतेने द्रव तापविण्याची सोय झाल्यावर थर्मासची गरज उरली नाही. त्याआधीच्या अमेरिकन गाड्या अजूनही दुरुस्तीला येतात. त्यांचा रेडिएटर काढणाऱ्याने प्रथम पुढच्या चाकाजवळच्या त्या थर्मासची आठवण ठेवावी. गाडी काल रात्रीपासून उभी असली, तरी आतला द्रव हात पोळण्याइतका गरम असू शकतो.